काळ्या टॉवेलचे मालक

आमच्या मालकांशी धंद्याचं बोलायचं असेल, तर आधी त्यांच्या कारखान्यात आंघोळ करावी लागे. गमतीनं सांगत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना होता आणि ऑफिसच्या मागं त्यांनी एक न्हाणीघर बांधून घेतलं होतं. ऑफिसच्या भिंतींचे पोपडे निघालेले, माझ्या खुर्चीचं एक चाक कायमचं गेलेलं, पण न्हाणीघर असं की पाहुण्यानं बघत राहावं. पांढऱ्या फरशा, गरम पाणी, चंदनाचा साबण आणि पितळी दांडीवर ओळीनं टांगलेले टॉवेल. त्यात आमचा एखादाच. बाकी सगळे दुसऱ्यांचे. कुठला तुर्कस्तानचा, कुठला चीनचा, कुठला आमच्याच समोरच्या गल्लीतल्या कारखान्यातला.

मालक रोज सकाळी कारखान्यात येऊन आंघोळ करत. घरून आंघोळ करून आलेले असले तरी. रोज वेगळ्या टॉवेलनं अंग पुसत आणि बाहेर येऊन, खांद्यावर तो ओला टॉवेल तसाच टाकून, माझ्या टेबलासमोर उभे राहत.

"अम्मा, हा बघा की. पाणी पितच न्हाय. नुसतं अंगावरून फिरतंय."

मालकांचं घर तेलुगू. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, बाहेरच्यांशी हिंदी. इंग्रजी मात्र 'सॅम्पल' आणि 'क्वालिटी' या दोन शब्दांच्या पुढं गेलं नाही. प्रत्येक बाईला, अगदी नातीलाही, ते अम्मा म्हणत. बुटके, संपूर्ण टक्कल, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. आवाज इतका हळू की मागांच्या खडखडाटात त्यांचं बोलणं कामगार ओठांवरून ओळखायला शिकले होते.

मी बार्शीची. एम.कॉम. झालेली, बऱ्यापैकी इंग्रजी लिहिता येतं एवढ्या भांडवलावर परदेशी पत्रव्यवहार सांभाळायला त्यांच्याकडे मुलाखतीला गेले. त्यांनी माझी प्रमाणपत्रं बाजूला सारली आणि विचारलं, "नहाल्यावर केसाला टॉवेल गुंडाळता काय?"

मी गोंधळून हो म्हटलं.

"किती येळ ठेवता? मानेला ओझं होतं?"

"होतं. म्हणून मी आईचा जुना पंचा गुंडाळते."

त्यांनी प्रमाणपत्रं परत माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "उद्यापास्नं या." मला वाटलं, माणूस वेडा आहे, पण पगार बरा आहे. पुढं माझी सगळी नोकरी तिथंच झाली.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "नवा टॉवेल आणि नवा जावई, दोघंबी गोड बोलतात. चार धुणी झाली की खरं कळतं." म्हणून कुणाचाही टॉवेल हाती आला की ते आधी तो धुवायला टाकत. दुकानात नवा टॉवेल मऊ लागतो तो वरून लावलेल्या रसायनाच्या मसाल्यामुळं, असं त्यांचं म्हणणं. परदेशातल्या प्रदर्शनांना जात तेव्हा जाताना बॅग रिकामी आणि येताना टॉवेलांनी भरलेली. एकदा मुंबईच्या विमानतळावर त्यांची बॅग उघडली. अधिकाऱ्यानं विचारलं, टॉवेलचा कारखाना असून एवढे टॉवेल विकत कशाला आणता? हे म्हणाले, "साहेब, स्वतःचं लेकरू कुणाला कुरूप दिसतंय? दुसऱ्याचं शेजारी ठेवल्याशिवाय कळत न्हाय."

मी लागले त्या काळात कारखान्याची अवस्था काही चांगली नव्हती. आम्ही करायचो ते सोलापुरात सगळेच करायचे, आणि सोलापूर करायचं ते बाहेरचे मोठे कारखाने आणि बाहेरचे देश आमच्यापेक्षा स्वस्तात करायचे. गिऱ्हाईक यायचं, दर ऐकायचं, दुसऱ्याचा दर सांगायचं आणि जायचं. मालक प्रत्येकाला आंघोळ घालायचे, आणि तरीही ते जायचे.

अशात जर्मनीहून एक गृहस्थ आले. उंच, पन्नाशीचे, सोबत मुंबईचा एजंट. उन्हाळा ऐन भरात होता. एजंटानं खुर्चीत बसल्या बसल्या दराचा विषय काढला. मालकांनी मला खूण केली. मी नेहमीसारखं इंग्रजीत सांगितलं, "साहेब म्हणतात, आधी आंघोळ करून घ्या."

एजंटाचा चेहरा पडला. पाहुण्यांनी मात्र खिडकीतून बाहेरच्या उन्हाकडं बघितलं, कोट काढला आणि ते न्हाणीघराकडं निघाले. अर्ध्या तासानं बाहेर आले ते अगदी ताजेतवाने होऊन. मालकांनी दांडीवर मुद्दाम चार टॉवेल ठेवले होते, चारही धुतलेले, कारखान्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या काढून टाकलेले. विचारलं, कुठला चांगला वाटला?

पाहुण्यांनी आपल्या शेजारच्या देशातला टॉवेल उचलला. आमचा त्यांनी चौथ्या नंबरावर ठेवला. एकदम शेवटचा.

 एजंट पायांकडं बघत होता. मालक मात्र खूश झाले. मला म्हणाले, "खरं बोलला बघा. ह्याच्याशी धंदा करता येईल. विचारा, आमचा का न्हाय आवडला?"

पाहुणे म्हणाले, तुमचा जाड आहे. घरी चालेल, पण मी केशकर्तनालयांना माल पुरवतो. तिथं दिवसाला टॉवेलांचे ढीग धुवून वाळवावे लागतात. जाड टॉवेल वाळायला वीज खातो. शिवाय बायका केस रंगवून घेतात, तो रंग पांढऱ्या टॉवेलला लागतो आणि टॉवेल वाया जातो.

"मग काळा घ्या की," मालक म्हणाले.

काळा मिळतो, पाहुणे म्हणाले, पण केसांचा रंग उतरवायचं औषध लागलं की त्यावर तांबडे डाग पडतात. आणि सगळे कारखाने एकदम कंटेनर भरून घ्या म्हणतात. मला थोडे थोडे हवेत, दर महिन्याला, तीन-चार मापांचे. तेवढ्यासाठी कुणी माग थांबवत नाही.

मी हे सगळं मराठीत सांगितलं. मालकांनी दराचं नावही काढलं नाही. पाहुण्यांना शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं जेवण घातलं, गाडीपर्यंत सोडायला गेले आणि परत येऊन रंगखात्याच्या इक्बालमास्तरांना बोलावलं.

"मास्तर, काळा करायचा. डाग पडायला नको, धुतल्यावर राखाडी व्हायला नको."

इक्बालमास्तरांनी दाढी खाजवली. "मालक, काळा लई हट्टी रंग हाय. चढतो झटक्यात, टिकायचं नाव घेत न्हाई."

"म्हणून तर दुसरं कुणी करत न्हाय."

जवळजवळ वर्ष त्या काळ्यामागं गेलं. पहिल्या खेपेचा काळा धुतल्यावर जांभळा झाला. दुसरा टिकला, पण हाताला लागायचा. मागावर आणखी वेगळाच ताप. पांढऱ्या सुतात एखादा धागा तुटला तर विणणाऱ्याला लगेच दिसतो, काळ्यात दिसत नाही. डोळे दुखायला लागले. सुतातून सुटणारी काळी पिंजण हवेत उडून नाकात, भुवयांवर बसायची, आणि संध्याकाळी घरी जाणारी माणसं कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी दिसायची. मालकांनी प्रत्येक मागावर खाली वाकवलेली ट्यूबलाईट बसवून घेतली आणि काळ्यावर कुणालाही सलग ठेवायचं नाही, आज काळा तर उद्या दुसरा रंग, असा नियम केला. त्यांना स्वतःला भुवया नव्हत्याच म्हटलं तरी चालेल, पण टकलावर काळी पिंजण फार ठळक दिसायची.

बाजारात थट्टा सुरू झाली. काळा टॉवेल कोण घेणार, सुतकाला तरी काळं वापरतात का, म्हणून. दसऱ्याला मागांची पूजा असते, तेव्हा मालकांनी नेहमीप्रमाणे नवा माल देवासमोर ठेवला. तो काळा बघून मालकीणबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं.

"सणाच्या दिवशी काळं ठेवताय?"

"त्याच्यावरच पुढचा सण हाय, अम्मा."

मालकीणबाईंनी थोडा विचार केला, कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं आणि टॉवेलच्या कोपऱ्यावर भलामोठा टिळा लावला. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं. मालक मात्र पूजा झाल्यावर तो टॉवेल घेऊन आधी नळाकडं गेले, कुंकू निघतं का बघायला.

पहिला माल जर्मनीला गेला. पाहुण्यांचं पत्र आलं, अजून हवेत. मग त्यांच्या ओळखीनं हॉलंडमधून, डेन्मार्कमधून. छोटी छोटी मागणी, वेगवेगळी मापं. लोक म्हणायचे, हा तर किरकोळ धंदा झाला. पण या किरकोळ गिऱ्हाइकांनी आमचा दर दुसऱ्याशी ताडून बघणं हळूहळू बंद केलं. माल निघायला दोन दिवस उशीर झाला तर मला फोन यायचे, आणि त्या फोनमध्ये राग नसायचा, काळजी असायची. मालकांना ते फोन ऐकायला आवडायचं. भाषा कळत नसली तरी ते रिसीव्हरजवळ कान आणून उभे राहायचे. "आवाज घाबरलेला हाय न्हवं?" म्हणायचे, आणि मग स्वतः पॅकिंगला जाऊन उभे राहायचे.

त्याच काळात त्यांना न्हाव्यांच्या दुकानांचं वेड लागलं. डोक्यावर एक केस नसलेला माणूस रविवारी सकाळी उठून सात रस्त्यापासून नव्या पेठेपर्यंत एकेक सलून फिरायचा. दुकानदार खुर्ची झटकायचा. "बसा की मालक, दाढी?"

"माझं ऱ्हाऊ दे. तू तुझं काम कर, मी बघतो."

टॉवेल कुठं टांगतात, कसा झटकतात, मानेभोवती कसा खोचतात, हे ते तासन् तास बघत. गिऱ्हाइकं अवघडून जात. एकदा एका दुकानात त्यांना कुणीतरी आयकर खात्याचा माणूस समजलं आणि दुकानदारानं चहा, वडा, सगळं पुढं केलं. त्या रविवारांतून कधी काही निघायचं, बऱ्याचदा काहीच नाही. टॉवेलच्या एका टोकाला नाडीचा छोटा फासा शिवायचा, म्हणजे खुंटीवर अडकवता येतो, ही कल्पना तिथूनच आली. ती तिकडं फार आवडली.

मालकांचा मोठा मुलगा श्रीनिवास कापडाचं शिक्षण घेऊन, दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या गिरणीत काम करून परत आला होता. हुशार, मेहनती. त्याची बायको रजनी आमच्या ऑफिसात सॅम्पलचं काम बघायची. श्रीनिवासला घाई होती, आणि त्या वयात ती असायलाच हवी. त्यानंच एक मोठी दुकानसाखळी गाठली. जगभर दुकानं. त्यांना पांढरे टॉवेल हवे होते, सलग तीन वर्षं, आमचे सगळे माग भरून उरतील इतके. अट एकच, बाकीचं काम बंद करायचं.

त्यांचा प्रतिनिधी आला. त्यानं आंघोळ केली नाही. वेळ नाही म्हणाला. मालकांनी त्याला एकच प्रश्न विचारायला मला सांगितलं. "समजा, उद्या आमचा कारखाना बंद पडला. तुमचं काय अडेल?"

मी विचारलं. प्रतिनिधी सभ्यपणे हसला. काहीच अडणार नाही, म्हणाला, आमच्याकडे नेहमी दुसरे तयार असतात, काळजी करू नका. त्याला वाटलं, मालक त्याच्या नुकसानीची चिंता करतायत.

तो गेल्यावर मालक म्हणाले, "नको."

श्रीनिवास पुढं आला. "नाना, जगात पांढरा टॉवेल विकला जातो. काळा म्हणजे चार न्हावी."

"चार न्हावी रोज फोन करतात."

"आपण मोठं कधी व्हायचं?"

"व्हायचं की. पण त्याच्या मापानं का व्हायचं? त्यानं उद्या माप बदललं की आपण कुटं जायचं?"

"तुम्हाला भीती वाटते नाना. तिला तुम्ही शहाणपण म्हणता."

 मालकांनी खांद्यावरचा टॉवेल काढून त्याची घडी घातली, ती मोडली, परत घातली. मला उठून जावंसं वाटत होतं आणि उठताही येत नव्हतं.

श्रीनिवासनं ते काम स्वतः घेतलं. शहराबाहेर चिंचोळीला जागा घेतली, धोट्याशिवाय पळणारे नवे माग आणले, वेगळं घर केलं. रजनी मात्र आमच्याकडंच येत राहिली. नवरा एका कारखान्यात, बायको दुसऱ्यात. लोक तिला विचारायचे, ती म्हणायची, "भांडण त्यांचंय. सॅम्पल माझंय."

नव्या कारखान्याच्या उद्घाटनाला मालक गेले होते. एकेका मागाजवळ थांबून त्यांनी हात लावून बघितला. मुलाशी नीट बोलले नाहीत. परतताना गाडीत म्हणाले, "माझे माग म्हातारे झाले, अम्मा." त्या वाक्यात कुठेही टोमणा नव्हता.

तीनेक वर्षं श्रीनिवासचं जोरात चाललं. आमच्याकडं उलटं व्हायला लागलं होतं. काळा टॉवेल आता सगळे करायला लागले होते. सोलापुरातले करत होते, बाहेरदेशीचे करत होते, नाडीच्या फाशासकट. मालक त्यांचे टॉवेल विकत आणून, धुवून, अंग पुसून ऑफिसात यायचे. "चांगला केलाय," म्हणायचे. चिडायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, आपल्या डोक्यातलं सगळं चोरलं यांनी. ते म्हणाले, "मी काय आकाशातनं आणलं होतं? त्या जर्मनवाल्यानं सांगितलं, मी केलं. आता पुढचं विचारायला पायजे." पुढचं काय ते गिऱ्हाईक सांगतच होतं. याहून हलका हवा, पण तितकंच पाणी पिणारा. आमच्या मागांवर तो निघत नव्हता. कड वाकडी यायची. इक्बालमास्तर, मागवाले, सगळे करून थकले. आणि आपल्याला नवे माग लागतील हे मालक बोलत नव्हते, कारण ते कुठं आहेत हे सगळ्यांना माहीत होतं.

मग दुकानसाखळीची ई-मेल श्रीनिवासला आली. दोन ओळींची, यापुढं माल नको म्हणून. दुसऱ्या एका देशातून माल घेतला तर त्यांना जकात कमी बसत होती. रजनीनं ऑफिसात येऊन ते मला सांगितलं आणि बेसिनपाशी जाऊन उगाच हात धूत राहिली.

मालकांच्या कानावर आलं तसे ते म्हणाले, "चला." आम्ही तिघं चिंचोळीला गेलो. शेडमध्ये एकही माग चालू नव्हता. टॉवेलच्या कारखान्यातली शांतता ज्यांनी ऐकली नाही त्यांना ती सांगता येणार नाही. श्रीनिवास एका गाठोड्यावर बसला होता. वडिलांना बघून उठला नाही. मला धाकधूक होती की आता 'मी सांगत होतो' येणार. आलं असतं तरी कुणी त्यांना चूक म्हटलं नसतं.

मालक एका मागाभोवती फिरले. वाकून खालून बघितलं. मग मुलाला हाक मारली, "सिन्ना, ह्या मागावर काळा चढवून बघू या का?"

"कशाला नाना? दया करताय?"

"दया न्हाय रे." ते जवळ गेले. त्यांचा आवाज हळू होताच, आता आणखी हळू झाला. "तिकडनं हलका मागतात. माझ्या मागांवर निघंना. कड वाकडी येते. तुझ्यावर निघेल. माझं अडलंय."

इतक्या वर्षांत 'माझं अडलंय' हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. श्रीनिवासनं त्यांच्याकडं बघितलं, मग मागाकडं. मग उठून विचारलं, "सूत कितीचं वापरताय?" आणि दोघं तिथंच खाली उकिडवे बसून बोलायला लागले. रजनी आणि मी बाहेर येऊन लिंबाखाली उभ्या राहिलो. 

तो हलका काळा टॉवेल निघाला. त्याच्यावर दोन्ही कारखाने तगले. श्रीनिवास मागांचं बघायला लागला, गिऱ्हाइकांचं रजनीनं घेतलं, आणि मालक आंघोळी करत राहिले. मालकीणबाई गेल्या, गुडघे गेले, तरी रिक्षानं येत. मी निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला टॉवेल दिला नाही. म्हणाले, "तुम्हाला आता कंटाळा आला असेल," आणि इरकल साडी दिली.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. मी भेटायला जात असे. एकदा गेले तेव्हा रजनीनं मला जिन्यातच थांबवलं. चेहरा उतरलेला. म्हणाली, "मॅडम, नानांना एक सांगायचंय. तुम्ही बसा जवळ. त्यांना अजून माहीत नाही. आम्ही काळा बंद केलाय."

तिकडच्या सलूनवाल्यांनी एकदा वापरून फेकायचे टॉवेल घ्यायला सुरुवात केली होती. मागणी आटत गेली होती. रजनीनं दुसरं गिऱ्हाईक शोधलं होतं. तिकडं लोक कुत्र्यांना आंघोळ घालायला दुकानात नेतात, त्या दुकानांसाठी टॉवेल. सहा महिने ती आणि श्रीनिवास तेच करत होते, आणि घरात या विषयावर कुणी तोंड उघडत नव्हतं.

मालक भिंतीला टेकून बसले होते. खूप वाळले होते. रजनीनं त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं, कुत्र्यांपर्यंत. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघायचं टाळत होते.

"काळा कधी बंद केला?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीनंतर, नाना."

"उशीर केला," ते म्हणाले. "दोन वर्षं आधी करायचा." आणि थोडा दम घेऊन, "कुत्रं चावत असंल टॉवेलला."

"चावतं. म्हणून कडा दुहेरी शिवल्यात. केस अडकू नयेत म्हणून वीणही घट्ट घेतलीय."

त्यांनी मान हलवली. मग तिला जवळ बोलावलं आणि तिच्या कानाशी तेलुगूत काहीतरी पुटपुटले. रजनीचे डोळे भरले होते, ती तशीच उठून झपाट्यानं खाली गेली. मला वाटलं, आशीर्वाद दिला असणार, किंवा निरोपाचं काही. मी विचारणार नव्हते, पण ती पदराला हात पुसत वर आली तेव्हा राहवलं नाही.

"काही नाही हो मॅडम," ती म्हणाली. "चार दिवसांनी आज नळाला पाणी आलंय. टाकी भरायला लाव म्हणाले, बोलत बसू नको."

खाली टाकीत पाणी पडत होतं. मालक डोळे मिटून ते ऐकत होते.